नवस आईचा होता, तुझा नाही

‘ताई, मी २८ वर्षांची आहे. ऐरोलीला आईबाबांजवळ राहते, तिथेच एका आयटी कंपनीत काम करते. दोन वर्षांपूर्वी मानेत गाठ आली. आधी टीबी वाटला, मग बायॉप्सीत हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. खारघरला आठ केमो झाल्या, त्यानंतर मानेला आणि छातीला रेडिएशन. ते संपून सव्वा वर्ष झालं. रिपोर्ट स्वच्छ आहेत. केस परत आलेत, तेही कुरळे.

सगळे म्हणतात, तू फायटर आहेस, पॉझिटिव्ह राहिलीस म्हणून निभावलीस. आईने टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन नवस फेडला. मावशी म्हणते, देवाने तुला ठेवलंय ते काहीतरी मोठं काम करून घ्यायला. केमो चालू असताना मीही ठरवलं होतं, यातून उठले तर क्षुल्लक गोष्टी मनाला लावून घेणार नाही. प्रत्यक्षात, माझ्याबरोबर लागलेल्या मुलीपेक्षा मला कमी इन्क्रिमेंट मिळालं तेव्हा मी दोन दिवस रडत होते. मग स्वतःचीच लाज वाटली, याच्यासाठी वाचले का? आणि उलट मैत्रिणी लग्नाच्या हॉलवरून नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकवरून कुरकुरायला लागल्या की मला तिथून उठून जावंसं वाटतं. त्या म्हणतात, तू निगेटिव्ह झालीस. शिवाय सारखं दमल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही.

पुढचं काही ठरवता येत नाही. दर तीन महिन्यांनी फॉलोअप, माझं कॅलेंडर तेवढंच. केमोच्या डेकेअर वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर साक्रीचा एक मुलगा असायचा, २२ वर्षांचा. लाल औषध चालू असताना तोंडात बर्फ ठेव म्हणजे तोंड येत नाही, हे मला त्याने सांगितलं होतं. तो दिवाळीत गेला. नंतर त्याच्या वडिलांचा फोन आला होता, मी घेतला नाही. असो. आता घरी स्थळं बघताहेत. आई म्हणते, आजारपणाचा विषय लग्नाआधी काढू नकोस, झालं गेलं गंगेला मिळालं. पुढच्या महिन्यात ठाण्याहून एक जण पाहायला येणार आहे. काय करू? आणि मी खरंच निगेटिव्ह झालेय का?’

ऐरोलीच्या मुली,

तू विचारलंस स्वभावाबद्दल आणि येणाऱ्या पाहुण्याबद्दल. दोन्हींकडे येते. पण पत्र वाचताना मी अडले ती साक्रीच्या मुलापाशी. चार वाक्यांत तू त्याला आणलंस, त्याची बर्फाची युक्ती सांगितलीस, तो गेल्याचं सांगितलंस आणि वडिलांचा फोन न घेतल्याचं सांगून लगेच स्थळाकडे वळलीस. ती घाई मला खटकली. तुझे बाकीचे बरेच प्रश्न याच जागेवरून निघालेत असं मला वाटतं.

तुम्ही दोघं शेजारी बसायचात. तशाच खुर्च्या, तसेच स्टँड, दोघांच्याही नळीतून तेच लाल औषध उतरायचं. तू राहिलीस, तो गेला. आणि आता लोक तुला सांगतात की तू पॉझिटिव्ह राहिलीस म्हणून निभावलीस. सांगणारे प्रेमानेच सांगतात. पण त्या वाक्याला एक शेपूट आहे आणि ते कुणी उच्चारत नाही: मग तो कमी पडला का? तू त्याला पाहिलंयस. बावीस वर्षांचा मुलगा, स्वतःच्या हाताला सुई लावलेली असताना नव्याने आलेल्या मुलीला बर्फाची युक्ती सांगतो, तो खचलेला मुलगा होता असं कोण म्हणेल? म्हणूनच ते कौतुक तुझ्या घशाखाली उतरत नाही. ते घेतलंस तर त्याच्यावर अन्याय होतो, आणि हे तुला कळतं.

मग ते घेऊच नकोस. मन खंबीर असलं की तारखा चुकत नाहीत, जेवण जातं, आठवी केमो नको म्हणत अर्ध्यावर सोडली जात नाही, एवढं खरं. पण गाठ विरघळते ती औषधाने. हॉजकिन्स लिम्फोमा हा आज सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, आणि त्याचं श्रेय कुणाच्या स्वभावाला नाही. तुला दिलेली चार औषधांची चौकडी १९७० च्या दशकात इटलीत मिलानला जियानी बोनाडोना या डॉक्टरांनी बसवली. तुमचं लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्यातलंच एक. त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी हाच आजार झालेली तुझ्या वयाची बहुतेक मुलं वाचत नसत, आणि ती काही तुझ्यापेक्षा रडकी नव्हती. साक्रीच्या मुलाला नेमकं काय झालं होतं ते तू लिहिलेलं नाहीस. एकाच रंगाचं औषध कितीतरी वेगवेगळ्या कॅन्सरना देतात, आणि ते प्रत्येकाला सारखं मानत नाही. तुला त्याने साथ दिली, त्याला दिली नाही. याच्यात तुझी कमाई नाही, तसाच तुझा गुन्हाही नाही.

आता त्याच्या वडिलांचा फोन. तू का घेतला नाहीस याचा मला अंदाज आहे. तुझा आवाज ऐकून त्यांना वाटेल, ही राहिली आणि माझा पोरगा गेला. वाटेलही. पण फोन त्यांनी केला होता, तू नव्हे. गावी परतलेल्या त्या माणसाभोवती त्याच्या मुलाला लहानपणापासून ओळखणारं सगळं गाव असेल, पण खारघरच्या त्या खुर्चीत बसलेला मुलगा कुणी पाहिलेला नाही. तो तू पाहिलास. त्यांना फोन कर. इतके महिने का केला नाही याचं स्पष्टीकरण देत बसू नकोस, ‘काका, मला तेव्हा फोन घ्यायचं धाडस झालं नाही’ एवढं पुरे. मग बर्फाची गोष्ट सांग. ती त्यांना माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. ते रडले तर रडू देत, तूही रड. ‘देवाची मर्जी’ वगैरे म्हणू नकोस, ते त्यांनी तेराव्यापर्यंत पुरेसं ऐकलंय.

मावशीच्या वाक्यावर मी जरा कडक बोलणार आहे, मावशीला वाचून दाखवू नकोस. देवाने मोठं काम करून घ्यायला ठेवलंय म्हणजे काय? बावीस वर्षांच्या त्या मुलाकडून कसलंच काम करून घ्यायचं नव्हतं? असं वाक्य ऐकलं की वाचलेला माणूस कर्जबाजारी होतो. सकाळी उठल्यापासून त्याला वाटत राहतं, आज मी हप्ता भरला का, आज या जिवाचं चीज केलं का. त्यातून मग इन्क्रिमेंटसाठी रडण्याचीही लाज वाटायला लागते.

नवस आईने बोलला होता. तो तिने फेडला. तिचा आणि टिटवाळ्याच्या गणपतीचा हिशेब पूर्ण झाला, त्यात तुझ्या नावावर काही लिहिलेलं नाही. तू घेतलेले उपचार ही काही उधारी नव्हती. तुला एनजीओ काढायची नाही, मॅरेथॉन पळायची नाही, पंचवीस मिनिटांचं प्रेरणादायी भाषण करायचं नाही. पुढे कधी करावंसं वाटलं तर कर, पण ती हौस असू दे, परतफेड नको. युवराज सिंगचं उदाहरण तुला आतापर्यंत किती जणांनी दिलं असेल याची मी कल्पना करू शकते. छातीतल्या ट्यूमरवर २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेत केमो घेतली आणि त्याच सप्टेंबरात तो भारताकडून पुन्हा खेळला. त्याचं कौतुक आहेच. पण तो आजाराआधीही युवराज सिंग होता. क्रिकेटपटू क्रिकेटकडे परतला. तू आयटीतल्या नोकरीकडे परतलीस. म्हणजे तूही तेच केलंस, फक्त तुझ्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आजारपणात केलेल्या संकल्पांबद्दल मला फारसा आदर नाही, हे कबूल करते. सलाइन चालू असताना माणूस ठरवतो की आता कशाचा राग धरायचा नाही, रोज सूर्योदय बघायचा. तेव्हा ते मनापासूनच असतं. पण तेव्हा त्याला ऑफिस नसतं, लोकल नसते, ईएमआय नसतो. जगण्याच्या बाकीच्या कटकटी त्या काळात दुसऱ्यांनी अंगावर घेतलेल्या असतात. त्या परत अंगावर आल्या की रागही येतो, हेवाही येतो. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मोठ्या आघातानंतर माणसात होणाऱ्या चांगल्या बदलांचा अभ्यास मांडला, आणि तेव्हापासून आघात झाला की वाढ झालीच पाहिजे अशी लोकांची समजूत होऊन बसली. त्या दोघांनी मात्र असं म्हटलं नव्हतं. असे बदल होतात, सगळ्यांत होत नाहीत, आणि झाले तरी दुःख त्यांच्या बरोबरीने राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा तुझ्यात काही बदल झाला असेल तर दिसेल. नसेल झाला तर तू नापास झालेली नाहीस.

इन्क्रिमेंटचं मात्र गांभीर्याने घे. मेडिकल लीव्हमुळे रेटिंग खाली आलं का, हे मॅनेजरला लेखी विचार. कामावर हजर असलेल्या महिन्यांचा हिशेब वेगळा मांड आणि त्यावर बोल. आजारातून उठलेली मुलगी पगारासाठी भांडायला लागली हे मला तरी तब्येत सुधारल्याचं लक्षण वाटतं.

आता मैत्रिणी. त्यांचं बोलणं तुला पोरकट वाटतं आणि त्यांना तू निगेटिव्ह वाटतेस. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉरा कार्स्टेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. म्हातारी माणसं नव्या ओळखी का टाळतात, मोजक्या माणसांतच का रमतात, हे त्या शोधत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला: अर्धा तास मोकळा मिळाला तर कुणाबरोबर घालवाल? जवळचं माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की आवडीनिवडी जुळतील असा नवा ओळखीचा? म्हाताऱ्यांनी जवळचं माणूस निवडलं. तरुणांची निवड तिघांत विभागली गेली. मग तरुणांना सांगितलं, समजा लवकरच तुम्हाला हे गाव सोडून दूर जायचंय. तेव्हा त्यांनीही म्हाताऱ्यांसारखं जवळचं माणूस निवडलं. म्हणजे हा वयाचा खेळ नव्हताच, पुढे किती वेळ उरलाय असं वाटतं त्याचा होता. एचआयव्ही झालेल्या तरुणांमध्येही, औषधं फारशी हाताशी नव्हती त्या काळात, त्यांना हेच दिसलं.

तुझं हेच झालंय. सव्वीसाव्या वर्षी तुला एकदम पंच्याहत्तरीच्या माणसाचं घड्याळ हातात मिळालं. त्या घड्याळाने बघितलं तर हॉल आणि ट्रॅफिक हे विषय खरोखरच फालतू आहेत. तुझ्या मैत्रिणी त्यांच्या वयाच्या घड्याळाने चालताहेत, त्यांच्याकडे कुरकुरायला चाळीस-पन्नास वर्षं आहेत असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटणं काही पाप नाही. याला निगेटिव्ह म्हणत नाहीत. पण तू त्यांच्यापेक्षा शहाणी झालीस असंही नाही, एवढं जाता जाता सांगून ठेवते. दुःखाच्या शर्यतीत पहिला नंबर लागला म्हणून बाकीच्यांच्या दुःखाला किंमत नाही असं धरून चाललीस तर माणसं दुरावतील, आणि तुला माणसं हवी आहेत. एका वेळी सगळ्या मैत्रिणींत बसू नकोस. एकीला निवड, ठाण्याच्या तलावपाळीला चक्कर मार, आणि तिला साक्रीच्या मुलाचं सांग. तू त्यांना हे काही सांगितलंच नसेल, असं मला पत्रावरून वाटतं.

त्या अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त आवडते. म्हाताऱ्यांना सांगितलं की समजा नवं औषध निघालं आणि तुम्हाला आणखी वीस वर्षं मिळाली, तर त्यांच्या निवडी तरुणांसारख्या झाल्या. घड्याळ परत मागे जातं. आपोआप जाणार नाही, थोडं फिरवावं लागेल.

फिट्झह्यू मुलन नावाच्या अमेरिकी डॉक्टरला बत्तिसाव्या वर्षी छातीच्या आत कॅन्सर झाला. त्यातून उठल्यावर त्याने १९८५ मध्ये लिहिलं की बरं होणं ही एका दिवसाची घटना नसते, त्याचे टप्पे असतात. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, त्यात परत येईल का ही भीती राज्य करते, अंगात ताकद नसते आणि हॉस्पिटलचा आधारही सुटलेला असतो. तिसऱ्यात भीती राहते पण मागच्या बाकावर जाऊन बसते. तू दुसऱ्यात आहेस. उपचार चालू होते तेव्हापेक्षा आता जास्त भीती वाटते याचं तुला आश्चर्य वाटत असेल, पण तेव्हा दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तुझ्यासाठी काहीतरी करत होतं. आता करण्यासारखं काही नाही, नुसती वाट बघायची.

हॉजकिन्स परत यायचा झाला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून सध्या तुला तीन महिन्यांनी बोलावतात. पुढे सहा महिने होतील, मग वर्ष. त्या भेटीत डॉक्टरांना एक गोष्ट विचार: दर वेळी स्कॅनची गरज आहे का? लक्षणं नसताना वरचेवर पेट (पीईटी) स्कॅन करायला आता तज्ज्ञ फारसे राजी नसतात, कारण साध्या सर्दीतल्या सुजेनेही त्या चित्रात ठिपका उजळतो आणि घरादाराची झोप उडते. आणि फॉलोअपच्या आदल्या आठवड्यात काही ठरवू नकोस, भांडण नाही, राजीनामा नाही, लग्नाला होकारही नाही. तो आठवडा तुझा नसतो.

बाकीच्या वेळी मात्र फॉलोअपच्या तारखेच्या पलीकडचं काहीतरी एक हातात ठेव. छोटं चालेल. दिवाळीच्या सुट्टीतली कोकणची सहल आत्ताच ठरव, सहा महिन्यांचा एखादा कोर्स लाव. आणि एक विचित्र वाटेल असा सल्ला देते: पीपीएफचं खातं काढ. पंधरा वर्षांचं असतं. दर वर्षी पाचशे रुपये भरलेस तरी चालतं. फॉर्म भरताना हात थांबेल, हसू येईल, कदाचित रडू येईल. भर तरी.

आता दमण्याबद्दल. तू ते स्वभावाच्या खात्यात टाकलंयस, मी ते आधी रक्ताच्या तपासणीत टाकेन. मानेला रेडिएशन झालंय. त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थायरॉइड मंदावू शकतो, आणि मंदावलेल्या थायरॉइडचं वर्णन म्हणजे तुझं वाक्य: सारखं दमल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली ते फाइलमध्ये बघ. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, पण माझ्याकडे ‘आयुष्यातला रस गेला’ म्हणून आलेल्या माणसाला रोजच्या एका गोळीने फरक पडलेला मी पाहिलाय. ते ठीक निघालं तर उपचारांनंतरचा थकवा वर्ष-दीड वर्ष रेंगाळू शकतो, आणि त्यावर झोपून राहण्यापेक्षा रोजचं चालणं जास्त उपयोगी पडतं. आणि सगळं ठीक असूनही दोन आठवडे सलग उदास वाटलं, झोप गेली, जगणं नकोसं वाटलं, तर थांबू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

फाइलचा विषय निघालाच आहे तर, खारघरला पुढच्या भेटीत उपचारांचा एक पानी गोषवारा मागून घे: औषधांची नावं, डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती. लहानपणी कॅन्सर झालेल्यांच्या अशा पुढच्या देखभालीसाठी टाटा हॉस्पिटलने १९९१ मध्ये वेगळं क्लिनिक सुरू केलं. तुझ्या वयाच्या माणसांना बऱ्याचदा स्वतःच विचारून घ्यावं लागतं. हे पान जन्मभर लागणार आहे. लाल औषधाचा परिणाम पुढे हृदयावर होऊ शकतो, म्हणून अधूनमधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि दिवस गेले तर डॉक्टरांना आधी सांगायचं. दुसरं एक औषध, ब्लिओमायसिन, फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, म्हणून कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्याला ते नाव सांगायचंच. छातीला तिशीच्या आत रेडिएशन झालेल्या मुलींची स्तनांची तपासणी चाळिशीची वाट न बघता, साधारण आठ वर्षांनी सुरू करतात. ही यादी वाचून घाबरशील, पण हीच तुझी खरी जबाबदारी आहे, मावशीच्या मोठ्या कामापेक्षा कितीतरी खरी.

आणि हीच यादी तुझ्या आईच्या म्हणण्याला उत्तर आहे. जे जन्मभर चालणार आहे ते गंगेला कसं मिळेल? लग्नानंतर दर सहा महिन्यांनी खारघरला कुठल्या निमित्ताने जाणार? मानेवरचा बायॉप्सीचा व्रण काय म्हणून सांगणार? आणि ऐरोलीत तुमच्या सेक्टरमधल्या वाण्यालासुद्धा माहीत आहे की तू वर्षभर डोक्याला स्कार्फ बांधून फिरत होतीस. ठाण्याहून माणसं चौकशीला येतील ती त्याच्याकडेच आधी जातील. शिवाय हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली संमती हे लग्न रद्द करून मागण्याचं कारण होऊ शकतं. मला कायद्याचा धाक घालायचा नाही. पण ज्या घरात औषधाच्या गोळ्या लपवून खाव्या लागतील त्या घरात तू आजारी नसतानाही आजारी राहशील.

आईवर रागावू नकोस. तिने तुला एकदा जाताना पाहिलंय, आता तू मागे राहू नयेस म्हणून ती धडपडते. हेच मुलाच्या बाबतीत झालं असतं तर ‘बघा, कसा लढला’ म्हणून बायोडेटात लिहिलं असतं, हेही तिला हळूच सांगून बघ.

सांगायचं तर केव्हा आणि कसं? बायोडेटात लिहायची गरज नाही. पहिल्या भेटीत कांदेपोह्यांच्या बशा हातात असलेल्या दहा माणसांसमोरही नको. पुढे जायचंय असं दोघांनाही वाटलं की दोघंच भेटा, ठाण्यात गडकरी रंगायतनसमोरच्या कट्ट्यावर भेटलात तरी चालेल, आणि त्याला तू स्वतः सांग. बोलणी, याद्या, साखरपुडा यांच्या आधी. माफी मागितल्याच्या सुरात नको. मला हॉजकिन्स लिम्फोमा झाला होता, उपचार अमुक तारखेला संपले, रिपोर्ट स्वच्छ आहेत, तपासण्या चालू राहतील. तो मुलांबद्दल विचारेल, त्याच्या घरचे तर नक्की. तुला दिलेल्या औषधांनी मूल होण्याची शक्यता सहसा जात नाही, उपचारांनंतर साधारण दोन वर्षं थांबायला सांगतात, तुझ्या बाबतीत काय ते डॉक्टरांकडून आधी विचारून ठेव. हा आजार संसर्गाने होत नाही आणि आईकडून मुलाकडे सहसा जात नाही, हेही सांग. हवं तर पुढच्या फॉलोअपला तूही चल म्हणावं, डॉक्टरांना जे विचारायचं ते विचार. तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल, खूप वाटेल. त्या दिवशी त्या मैत्रिणीला फोन कर, जिला तू साक्रीचं सांगितलेलं असेल.

पण हे सगळं पुढचं. तुझ्या पत्रात घरचे स्थळं बघताहेत असं आहे, आई काय म्हणते ते आहे, कोण कुठून येणार ते आहे. तुला लग्न करायचंय असं मात्र त्यात कुठे सापडलं नाही. दोन वर्षं तुझ्या शरीराचे निर्णय दुसरे घेत होते आणि तेव्हा ते बरोबरच होतं. त्या सवयीने हाही निर्णय आईच्या हातात गेला असेल तर परत घे. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचं असेल तर तसं म्हण, आत्ता हवं असेल तर तसं. आणि पुढच्या महिन्यातली भेट नको असेल तर निदान आठवडाभर आधी सांग, म्हणजे आईला ठाण्याच्या लोकांना वेळेत कळवता येईल.